चऱ्याच्या तळापर्यंत

रविवारी अंघोळ उरकली, डोक्याला खोबरेल चोपडलं आणि हात न पुसताच घड्याळ उचललं. एचएमटीचं ‘जनता’. बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं. जमिनीवर पथारी टाकून बसलेल्या माणसाने दिलेली हमी एवढीच होती : “कानाला लावून बघा दादा, चालू आहे.” ती खरी ठरली होती. टिकटिक ऐकू येत होती, वाजले किती ते मात्र कळत नव्हतं. काचेवर इतके चरे होते की आत धुकं साचल्यासारखं वाटायचं.

तेलकट अंगठा काचेवरून फिरला आणि धुकं गेलं. तबकडी लख्ख. देवनागरीतलं ‘जनता’ दिसलं, काटे दिसले, सेकंदकाट्याची तबकडीवर सरकणारी बारीक सावलीसुद्धा दिसली. रुमालाने पुसलं तर धुकं परत हजर. पुन्हा तेल, पुन्हा लख्ख. हा खेळ मी पाच-सहा वेळा केला असेल. शेवटी घरातून विचारणा झाली की घड्याळाला मालीश कशाला चाललंय.

तर कशाला? तेलाने चरे मिटले नव्हते, ते होते तिथेच होते. मग डोळ्यांना ते दिसेनात का?

चऱ्याला आपण मनातल्या मनात डागाच्या रांगेत बसवतो, आणि तिथेच फसतो. डागात काहीतरी पदार्थ असतो : शाई, हळद, गंज. चऱ्यात काहीच नसतं. ती एक रिकामी सरी असते आणि तिच्यात हवा भरलेली असते. हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो आणि त्याची वाट वाकते. हवेचा अपवर्तनांक १ धरला, तर या काचेचा १.४९. पृष्ठभाग सपाट असेल तर शेजारशेजारचे सगळे किरण सारखेच वाकतात आणि तबकडीचं चित्र जसंच्या तसं डोळ्यापर्यंत पोचतं. सरीचे काठ मात्र तिरपे, तेही प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनात. तिथे एक किरण इकडे फेकला जातो, दुसरा तिकडे. ही भटकलेल्या प्रकाशाची गर्दी आपल्याला पांढरी रेघ म्हणून दिसते. सगळे रंग सारखेच भरकटतात, म्हणून पांढरी. त्या रेघेत पांढरं असं काही नसतं.

आता सरीत खोबरेल भरा. त्याचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास. काचेच्या १.४९ ला इतका जवळचा, की तेलातून काचेत शिरताना प्रकाशाला उंबरठा लागल्याचं फारसं कळतही नाही. काठ तिरपे असले तरी तो जवळपास सरळच जातो. पावसाळ्यात पाण्याने काठोकाठ भरलेला खड्डा दुचाकीवाल्याला दिसत नाही, तसंच हे. खड्डा बुजलेला नसतो, फक्त रस्त्याच्या पातळीला आलेला असतो. नुसत्या पाण्यानेही थोडा फरक पडतो, पण पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे काम अर्धवट होतं. घरात एखादं चरे पडलेलं प्लास्टिकचं झाकण असेल तर आधी पाणी आणि मग तेल लावून बघा, फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पण तेल लावलेलं घड्याळ मनगटावर घालून कचेरीत जाता येत नाही.

म्हणून मी आधी घड्याळजींकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी काचेवर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, “फायबर आहे. घासा, निघेल. काचेची काच असती तर बदला म्हटलं असतं.”

‘काचेची काच’ हा शब्दप्रयोग मला फार आवडला. आपण ज्याला घड्याळाची काच म्हणतो ती बहुतेक जुन्या घड्याळांत काच नसतेच. ती असते अॅक्रिलिक. पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, १९३० च्या दशकात बाजारात आलेलं पारदर्शक प्लास्टिक. कोणी त्याला प्लेक्सिग्लास म्हणतं, कोणी पर्स्पेक्स, आणि आपल्याकडच्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीवर ते सरसकट ‘फायबर’. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात एचएमटीची घड्याळं तयार होऊ लागली, आणि २०१६ मध्ये सरकारने तो घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात लग्नात, नोकरी लागल्यावर, दहावी पास झाल्यावर मिळालेल्या ‘जनता’ घड्याळांवर हीच फुगीर, मऊ काच बसवलेली होती.

आपल्या घड्याळावर कुठली काच आहे हे ओळखायचं असेल तर ती ओठाला लावा. अॅक्रिलिक कोमट लागतं. काचेची काच गार लागते. महागड्या घड्याळांवरची सफायर तर चांगलीच थंड लागते, कारण सफायर उष्णता वाहून नेतं ते अॅक्रिलिकच्या शंभरपटीहून अधिक. तिन्ही वस्तू एकाच खोलीत, एकाच तापमानाला पडलेल्या असतात. ओठाची ऊब कोण किती वेगाने पळवतं, एवढाच काय तो फरक. दुसरी खूण म्हणजे दातावर हळूच टिचकवणं. प्लास्टिकचा आवाज बोदा येतो, काचेचा ‘टक्’.

आता हे चरे पाडतं कोण? बाही घासून पडत नाहीत, रुमालाने तर मुळीच नाही. पाडते ती धूळ. फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची एक शिडी मांडली. सगळ्यात खाली शंखजिरे १, सगळ्यात वर हिरा १०. नियम साधा : वरच्या पायरीचा खालच्या पायरीला ओरखडतो. आपलं नख अडीचच्या आसपास, पोलादाचं पातं साडेपाच, खिडकीची काचही तितकीच, गारगोटी ७. अॅक्रिलिक तीनच्या आसपास. धुळीत गारगोटीचे कण असतातच. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात गारगोटी कमी, पण त्यातली फेल्डस्पार आणि पायरोक्सिन ही खनिजंसुद्धा ५ ते ६ च्या घरातली. म्हणजे एसटीच्या खिडकीत हात टेकवून घाट उतरलात, की अख्ख्या पठाराने तुमच्या घड्याळावर सही केली म्हणून समजा. काचेच्या काचेचा वैरी मात्र बहुधा स्वयंपाकघरात असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यात गारगोटी असते आणि ती काचेला सहज ओरबाडते. पूर्वीचा कडप्पा चुनखडीच्या जातीचा, कठीणपणा तीनच्या आसपास. त्याची काचेपुढे मात्रा चालत नसे.

प्लास्टिकवरचा चरा आणि काचेवरचा चरा हे दिसायला भाऊ, पण जातकुळी वेगळी. प्लास्टिकवर धुळीचा कण नांगरासारखा चालतो. माल पुरता निघून जात नाही, बराचसा बाजूला ढकलला जातो. भिंगाखाली धरलं तर शेतातली सरी आणि तिच्या दोन्ही अंगांचे वरंबे दिसतात. काच ठिसूळ. ती ढकलली जात नाही, तडकते. काचेवरच्या चऱ्याखाली आणखी खोल गेलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांची मालिका असते. काच कापणारा कारागीर नेमका याचाच फायदा घेतो : एक चरा ओढतो आणि हलक्या दाबाने काच त्या रेघेवर मोडतो. घड्याळजींनी एकीला घासा आणि दुसरीला बदला म्हटलं त्याचं कारण यात आहे.

तर प्लास्टिकवरची ही सरी घालवायची कशी? माझी भाबडी समजूत अशी होती की कुठलं तरी मलम असेल, जे चऱ्यात भरतं आणि तो मिटतो. तसं काही नसतं. चरा आहे तिथेच राहतो. त्याच्या आजूबाजूची सगळी जमीन आपण खरवडत खाली नेतो, थेट चऱ्याच्या तळापर्यंत. रस्त्यावरचा खड्डा बुजवण्याऐवजी अख्खा रस्ताच खड्ड्याच्या तळाइतका खाली उतरवावा, तसा हा प्रकार. नगरपालिकेला हे परवडायचं नाही, घड्याळाला परवडतं. नखाला जेमतेम जाणवणारा चरा वीस-एक मायक्रॉन खोल असतो असं धरा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. काचेची जाडी मिलिमीटरभर. हजारातून वीस गेले तर कुणाला पत्ता लागणार आहे?

मी वॉटर पेपर आणला, भिंती आणि गाड्या रंगवणारे वापरतात तोच, पाण्यात भिजवून घासायचा. १००० नंबरचा आणि २००० नंबरचा. आकडा वाढतो तसा दाणा बारीक होतो : १००० च्या कागदावरचा दाणा साधारण १८ मायक्रॉनचा, २००० चा १० मायक्रॉनचा. घड्याळाच्या धातूच्या कडेला रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी दोन पदर लावली, कारण कडेचा मुलामा गेला तर परत येत नाही. काच आणि धातू यांच्यातली फट त्याच पट्टीने बंद केली. जुन्या घड्याळात पाणी शिरायला निमित्त पुरतं, म्हणून कागद नुसता दमट ठेवायचा. आणि पहिल्यांदा कागद फिरवला.

पुढच्या मिनिटाला पोटात गोळा आला. निदान अर्धवट तरी दिसणारं घड्याळ आता ताकासारखं झालं होतं. अख्खी काच दुधी. चरे होते ते होतेच, शिवाय मी हजारो नवे पाडले होते. या टप्प्यावर बरेच जण घाबरून थांबत असावेत, आणि थांबलं की घड्याळ खरंच कामातून जातं. या दुधी काचेकडे नीट पाहिलं तर कळतं की आधी वेगवेगळ्या खोलीच्या, वेगवेगळ्या दिशांच्या रेघा होत्या. आता सगळ्या एका मापाच्या, एका दिशेच्या. बेशिस्त गर्दीची कवायत झाली आहे.

युक्ती दिशेत आहे. पहिला कागद आडवा फिरवायचा, दुसरा उभा. दुसरा कागद फिरवत राहायचं, जोवर पहिल्याची एकही आडवी रेघ उरत नाही तोवर. दिशा बदलली नाही तर मागचा कागद आपलं काम सोडून गेला की नाही हे कळायला मार्गच नाही. आणि एखादा खोल चरा दिसला म्हणून तेवढ्याच जागी बोट रेटायचं नाही. तिथे खळगा पडतो, फुगीर काचेचं वाकडंतिकडं भिंग होतं आणि मिनिटकाटा चारच्या आकड्यावरून जाताना पाण्याखाली पोहल्यासारखा वळतो. एका घड्याळावर मी हा पराक्रम केलेला आहे.

मग टूथपेस्ट. साधी, पांढरी, अपारदर्शक. सुती कापडावर वाटाण्याएवढी घेऊन गोल गोल, हलक्या हाताने, पाच मिनिटं. पुसून बघायचं, पुन्हा लावायची. तिसऱ्या खेपेला दुधीपणाच्या मधोमध एक गोल खिडकी उघडल्यासारखी झाली आणि तिच्यातून ‘जनता’तला ‘न’ बाहेर डोकावला.

टूथपेस्टच का चालते, याचं उत्तर मला त्या खिडकीइतकंच सुंदर वाटतं. दात घासणं म्हणजे मुळात खरवडणंच. आपल्या आज्यांची राखुंडी घ्या किंवा दुकानातली नळी, दोन्हींत बारीक दाणा असतो. पेस्टमध्ये बहुधा कॅल्शियम कार्बोनेट किंवा पाणी धरलेली सिलिका. हा दाणा निवडताना दोन टोकं सांभाळावी लागतात. दातावरचं किटण निघेल इतका तो कठीण हवा आणि दाताचं कवच शाबूत राहील इतका मऊ. हे कवच ज्या खनिजाचं बनलेलं असतं ते अॅपेटाइटच्या कुळातलं, आणि मोसच्या शिडीवर अॅपेटाइटची पायरी बरोबर ५. म्हणजे टूथपेस्ट बनवणाऱ्यांनी दातांच्या काळजीने जी जागा मोकळी ठेवली, त्या जागेत तीनच्या आसपासचं अॅक्रिलिक अलगद येऊन बसतं. काचेची काच दाताहूनही कठीण, साडेपाचची. तिच्यावर टूथपेस्ट तासभर घासलीत तर घड्याळाला पुदिन्याचा वास येईल, एवढंच.

याच हिशोबाची दुसरी बाजू दंतवैद्यांना ठाऊक असते. कवळी टूथपेस्टने घासू नका, असं ते बजावतात. कारण कवळीचा गुलाबी भाग याच अॅक्रिलिकचा असतो आणि पेस्टने त्याच्यावर चरे पडतात. एकच कृती, एकीकडे उपाय आणि दुसरीकडे अपाय; फरक इतकाच की घड्याळ आपण आधीच खडबडीत केलेलं असतं.

कवळीवरून आठवलं. हे प्लास्टिक माणसाच्या अंगात किती ठिकाणी जाऊन बसलं आहे, ही गोष्ट घड्याळापेक्षाही भारी आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक छत्री पर्स्पेक्सची असे. गोळ्या लागल्या की तिच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की या ठिकऱ्या डोळ्यात तशाच राहिल्या तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. एरवी बाहेरची वस्तू डोळ्यात राहिली की तो लाल होतो, सुजतो. या प्लास्टिकला तो खपवून घेत होता. पुढे एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहून विचारलं की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाहीत. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. ते याच प्लास्टिकचं होतं. सहव्यावसायिकांनी त्यांना पुष्कळ वर्षं धारेवर धरलं. मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावायचा, हाच तेव्हाचा शिरस्ता होता.

खुब्याचा सांधा बदलतात तेव्हा तो हाडात पक्का करायला जे ‘सिमेंट’ वापरतात, तेही बहुधा हेच. एखाद्या आजोबांच्या मनगटावर ‘जनता’, तोंडात कवळी, डोळ्यात जुन्या धाटणीचं टणक भिंग आणि खुब्यात सिमेंट असेल, तर चारही जागी एकच पदार्थ आहे. टूथपेस्टने घासायचा मात्र त्यातला एकच.

आणि हा पदार्थ चंद्रापर्यंत गेलेला आहे. नासाने १९६५ मध्ये अवकाशप्रवासासाठी पात्र ठरवलेल्या ओमेगाच्या स्पीडमास्टर घड्याळावर अॅक्रिलिकचीच काच होती. काचेची काच फुटली तर यानात वजनरहित अवस्थेत तिच्या ठिकऱ्या तरंगत राहतील, डोळ्यात जातील, श्वासात जातील. अॅक्रिलिकला चरे पडतात, पण ते सहसा तसं विखरून फुटत नाही. चरे पडण्याची तयारी ही इथे गुणाच्या खात्यात जमा झाली. (गोष्ट अगदी निर्दोषही नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटच्या ओमेगाची काच चंद्रावर असताना निखळली, आणि तिसऱ्या फेरीला त्याने जवळचं दुसरं, बुलोव्हाचं घड्याळ बांधलं.)

परत कापडाकडे. गोल गोल फिरवताना मनात एक प्रश्न घोळायला लागतो : नेमकं होतंय काय? कागदाने चरे पडतात हे दिसतं. मग पेस्टने ते नाहीसे का होतात? पेस्टमध्येही दाणेच आहेत.

न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये याचा विचार केला आहे. तो स्वतः हाताने आरसे घासून दुर्बीण बनवणारा माणूस. त्याचं म्हणणं असं की चकाकी म्हणजे चऱ्यांचा अभाव नव्हे. चरे इतके बारीक होतात की दिसतच नाहीत. आज आपण त्यात आकडा घालू शकतो. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. चरा त्याहून पुष्कळ लहान झाला की प्रकाशाच्या हिशोबी ती जमीन सपाट. माझी चकचकीत काच म्हणजे तर मग लाखो चऱ्यांनी भरलेलं शेतच, फक्त त्या सऱ्या प्रकाशाच्या पावलाला लागत नाहीत.

पण हे पूर्ण उत्तर नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बाइल्बी या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने चकचकीत केलेले पृष्ठभाग आम्लाने हलकेच खाऊन पाहिले, आणि गेले म्हणून समजलेले चरे वर आले! घासताना वरचा थर वाहिला होता, भाकरीच्या पिठावर ओला हात फिरवल्यासारखा, आणि त्याने सऱ्या लिंपून टाकल्या होत्या. पुढे १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये फिलिप बोडन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की पुष्कळदा कठीणपणापेक्षा वितळणबिंदू महत्त्वाचा ठरतो. कापूर धातूपुढे अगदीच मऊ, पण तो १७८ अंशांना वितळतो. ७० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मिश्रधातूला त्याने चकाकी आणता येते. घर्षणाच्या टोकांवर क्षणभर इतकी उष्णता होते की ज्याचा वितळणबिंदू कमी तो आधी नमतो. आपल्या देव्हाऱ्यातला कापूर धातू चमकवतो, हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. खरवडणं, वाहणं आणि जोडीला थोडी रसायनक्रिया, यातलं कुठे किती चालतं ते पदार्थ आणि पॉलिश बदलतील तसं बदलतं.

घरच्या कामाला यातून एक ताकीद मिळते. अॅक्रिलिक १०० अंशांच्या जरा पुढे मऊ पडतं आणि उष्णता लवकर सोडत नाही. ड्रिलला बफ लावून घाईत काम उरकायला गेलात तर वरचा थर वाहतो खरा, पण लोळागोळा होऊन. हातानेच घासा. आणि नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, अत्तर, सॅनिटायझर यांना जवळ येऊ देऊ नका. एकदा जुन्या लेबलाचा चिकटा काढायला मी रिमूव्हर लावला होता. काच पांढरी पडली, चिकट झाली आणि तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. अल्कोहोलने तसं होत नाही, पण काचेतला ताण मोकळा होताना आत बारीक भेगांचं जाळं पसरू शकतं, आणि ते कुठल्याही पेस्टने जात नाही.

काचेच्या काचेवर प्रयोग करायचाच असेल तर त्याची पूड वेगळी, सेरियम ऑक्साइड. फिकट गुलाबी किंवा पिवळसर. सेरियम हे मूलद्रव्य १८०३ मध्ये सापडलं आणि नाव पडलं दोनच वर्षांपूर्वी दिसलेल्या सेरेस या लघुग्रहावरून. आपल्याकडे ते केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइटमध्ये असतं. ही पूड नुसती खरवडत नाही. पाण्याच्या सोबतीने ती काचेतल्या सिलिकाशी क्षणापुरते बंध जुळवते आणि ते सुटताना काचेचा कण बरोबर नेते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत हौशी मंडळी दुर्बिणीचा आरसा हाताने घासतात तेव्हा शेवटचा हात याच पुडीचा असतो, राळेसारख्या पिचच्या थरावर. तिथे तासन् तास जातात. घड्याळावरचे पुसट चरे याने हलके होतील. खोल चऱ्यासाठी घड्याळजींचं ऐका आणि काच बदला.

सफायरच्या वाट्याला जाऊच नका. सफायर म्हणजे कुरुंद, मोसच्या शिडीवर ९. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही दक्षिणेतल्या कुरुंदमवरून गेलेला. आपण सुऱ्या परजायला वापरतो तो कुरुंदाचा दगड याच घराण्यातला. त्याला घासायला हिरकपूडच लागते. सफायरवर दिसणारे चरे पुष्कळदा सफायरवर नसतातच, ते वरच्या चकाकीविरोधी लेपावर असतात. हा लेप लावावा लागतो कारण सफायरचा अपवर्तनांक १.७७. प्रत्येक पृष्ठभागावरून सात-आठ टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या काचेवरून किंवा अॅक्रिलिकवरून फिरतो चारेक टक्के. म्हणजे नुसत्या पारदर्शकपणात स्वस्त प्लास्टिक सफायरच्या पुढे. हे सांगताना मला थोडा आसुरी आनंद होतो, हे कबूल.

आणि सफायरवाल्यांपुढे ‘जनता’ने मान खाली घालायचंही कारण नाही. तिच्या पाठीवर लिहिलेलं असतं : १७ ज्वेल्स. ती १७ रत्नं म्हणजे चाकांच्या आसांखाली बसवलेली माणकं. माणिक म्हणजेही कुरुंद, क्रोमियमच्या चिमटीने लाल झालेला. ऑग्यूस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ते बनवण्याची रीत जाहीर केली : अॅल्युमिनाची पूड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून चिमूट चिमूट सोडायची. दोन हजार अंशांवर ती वितळून थेंब थेंब साचते आणि मेणबत्तीच्या ओघळासारखा स्फटिक वाढत जातो. त्यानंतर घड्याळातली माणकं खाणीऐवजी भट्टीतून यायला लागली. वर तीनच्या पायरीची काच, पोटात नवाच्या पायरीचे १७ तुकडे. जिथे दिवसरात्र घर्षण आहे तिथे कठीण, आणि जिथे मार लागेल तिथे मऊ.

एकूण दीड तास गेला. शेवटी पट्टी सोलली, कोरड्या कापडाने काच पुसली आणि खिडकीत धरली. मधला भाग आरशासारखा. चारच्या आकड्याजवळ एक चरा उरला आहे. तो खोल होता आणि माझा हात भरून आला होता, म्हणून तो तसाच ठेवला. सणासुदीला तेल लावीन म्हणतो.

बाकी काच स्वच्छ झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सातच्या आकड्याखाली मोहरीएवढा तपकिरी डाग आहे. इतके दिवस मी तो काचेवरचा समजत होतो आणि मघाशी त्या जागी जरा जास्तच पेस्ट घासली होती. तो तबकडीवर आहे.